पाण्याचा नाच आणि दुष्काळ : चंद्रलेखा यांची ओळख



गावाकडे पूर, भूकंप किंवा दुष्काळ आला की इथे मदतनिधीसाठी सांस्कृतिक कार्यक्रम होतो. तिकिटं खपतात, मुली छान नाचतात, जमलेला निधी रवाना होतो. अशाच एका कार्यक्रमात एका नर्तकीला पडलेल्या प्रश्नाची ही गोष्ट. मी संगणकातला माणूस, नृत्यातला जाणकार नाही, हे आधीच सांगतो.

चंद्रलेखा यांचा जन्म ६ डिसेंबर १९२८ रोजी वाडा (तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर) इथे एका गुजराती कुटुंबात झाला. कायद्याचं शिक्षण सोडून त्या मद्रासला एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. १९५० च्या आसपास त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं सादरीकरण झालं. कार्यक्रम रायलसीमेतल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होता. 'मथुरा नगरीलो' ही रचना चालू होती. यमुना, सख्या, पाण्याचे खेळ, उडणारे शिंतोडे... आणि नाचता नाचता त्यांना वर्तमानपत्रातले फोटो आठवले : भेगाळलेली जमीन, पाण्यासाठी डबे घेऊन उभ्या असलेल्या लोकांच्या लांबच लांब रांगा. त्या जागीच थिजल्या. दुष्काळासाठी आपण भरलेली नदी नाचतोय!

कला आणि जगणं यांतलं हे अंतर त्यांना पुढे स्वस्थ बसू देईना. १९७२ च्या 'नवग्रह'नंतर बरीच वर्षं त्या नृत्यापासून दूर राहिल्या. पोस्टर्सची रचना, कविता आणि स्त्री-चळवळीचं काम केलं. १९८५ मध्ये 'अंगिका' घेऊन त्या परतल्या. त्यात देवादिकांच्या कथा नव्हत्या. भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरिपयट्टू यांतून उभं राहिलेलं शरीर होतं. 'लीलावती' (१९८९) मध्ये तर भास्कराचार्यांची गणितं नाचून मांडली. 'श्री' (१९९१) मध्ये पाठीचा कणा वाकलेल्या स्त्रिया हळूहळू ताठ होत जातात. माणूसच माणसाला कसा मोडतो, हे सांगायला तिथे शब्द लागत नाहीत. ३० डिसेंबर २००६ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

हे सगळं सनीव्हेलमध्ये बसून का आठवावं? इथे पूर्वी जर्दाळू आणि चेरीच्या बागा होत्या. या खोऱ्यात विहिरींतून इतका उपसा झाला की १९७० पर्यंत शेजारच्या सॅन होजेच्या मध्यवर्ती भागात जमीन सुमारे १३ फूट खचली. पाऊस न पडणं निसर्गाचं, पण जमीन खचवणं आपलंच! पुढे २०१५ च्या दुष्काळात राज्यातल्या शहरांना २५ टक्के पाणी वाचवायचा आदेश निघाला आणि आपण अंगणातली हिरवळ वाळू दिली.

२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. त्या वर्षी इथल्या एका मदत कार्यक्रमात पावसाच्या गाण्यावरचा नाच झाला. मीही जोरात टाळ्या वाजवल्या. काही खटकलं नाही. चंद्रलेखांबद्दल वाचलं तेव्हा खटकलं.

कार्यक्रम बंद करावेत असं मुळीच नाही, पैसा लागतोच. पण पुढच्या वेळी गाणी निवडताना, कोणासाठी नाचतोय हे मुलांना आधी सांगूया. मुलं एखादा वेगळाच नाच सुचवतील.

चू. भू. द्या. घ्या.