दमा किती तीव्र आहे, हे कसे ओळखावे?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, त्या आकसतात आणि खोकला, धाप, छातीत घरघर सुरू होते. कागदावर ‘सौम्य दमा’ लिहिलेले पाहून बरेच जण निर्धास्त होतात आणि बरे वाटले की पंप बंद करतात. म्हणून या पातळ्यांचा अर्थ नीट समजून घ्या.

दम्याच्या चार पातळ्या

मोठ्यांमध्ये उपचारांआधी त्रास किती वेळा होतो, यावरून त्या ठरतात.

- अधूनमधून होणारा: त्रास आठवड्यातून २ दिवस किंवा कमी, रात्रीची झोपमोड महिन्यातून २ वेळा किंवा कमी.
- सौम्य: आठवड्यातून २ दिवसांपेक्षा जास्त, पण रोज नाही, झोपमोड महिन्यातून ३-४ वेळा.
- मध्यम: रोज त्रास, झोपमोड आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा.
- तीव्र: दिवसभर त्रास, जवळपास रोज रात्री जाग, जिना चढणेही कठीण.

सोबत स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करतात.

पातळी बदलते

उपचार सुरू झाल्यावर, दमा आटोक्यात ठेवायला किती औषध लागते यावरून तीव्रता ठरते. त्यासाठी गेल्या ४ आठवड्यांचा विचार करा:

१. आठवड्यातून २ पेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का?
२. दम्यामुळे रात्री जाग आली का?
३. तात्पुरत्या आरामाचा (सालब्युटामॉलचा) पंप आठवड्यातून २ पेक्षा जास्त वेळा लागला का?
४. दम्यामुळे रोजची कामे अडली का?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. ३ किंवा ४ ‘हो’ असतील, तर तो अजिबात आटोक्यात नाही. मात्र औषध वाढवण्याआधी पंप बरोबर ओढला जातो का, रोज घेतला जातो का, हे डॉक्टरांना दाखवा. आपल्या पनवेल परिसरात पावसाळ्यातली ओल आणि भिंतीवरची बुरशी, कळंबोली-तळोज्याकडची ट्रकची धूळ आणि धूर, दिवाळीतले फटाके यांनीही त्रास वाढतो. कोणत्या दिवसांत वाढतो, ते वहीत लिहून ठेवा.

‘सौम्य’ म्हणजे सुरक्षित नव्हे

सौम्य दम्यातही जिवावर बेतणारा अटॅक येऊ शकतो. सालब्युटामॉल नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करते, सूज उतरवत नाही. ते काम श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचे. म्हणूनच २०१९ पासून ‘जिना’ ही दम्यावरील जागतिक संस्था मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये, असे सांगते. पंपाची सवय लागत नाही. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा.

अटॅकमध्ये थांबू नका

एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, गुंगी येते किंवा पंप घेऊनही आराम पडत नाही, यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करा. घरघर अचानक थांबली पण धाप तशीच आहे, हेही धोक्याचे लक्षण आहे. रुग्णाला बसते ठेवा, आडवे करू नका. गाडी येईपर्यंत स्पेसर लावून आरामाचा पंप एकेक फवारा देत राहा.

आपली पातळी कोणतीही असो, अटॅक आल्यास काय करायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद घरातल्या सर्वांना दिसेल असा लावा.