पट्ट्यांची पिल्ले, ठिपक्यांच्या पाली

1854 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लिथ यांनी पंजाबच्या सॉल्ट रेंज डोंगरांतल्या एका पालीला ‘मॅक्युलॅरियस’, म्हणजे ठिपकेदार, असे नाव दिले. आज ही बिबट्या पाल, म्हणजेच लेपर्ड गेको, जगभर घरोघरी पाळली जाते. पण ते नाव फक्त मोठ्या पालीला शोभते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लावर एकही ठिपका नसतो. त्याच्या पिवळ्या अंगावर गडद, जवळजवळ काळे, रुंद आडवे पट्टे असतात.

पिल्लू कात टाकत वाढते, तसे हे पट्टे आधी फिकटतात, मग तुटतात आणि त्यांच्या जागी ठिपके उमटू लागतात. साधारण वर्षभरात पट्ट्यांचा बिबट्या होतो.

पाळणाऱ्यांच्या धंद्याचा इतिहास या एका वर्षाभोवतीच फिरतो. आरंभी पाकिस्तानातून पकडून आणलेल्या पाली अमेरिकेत विकल्या जात. मग तिथल्या हौशी लोकांनी त्यांची वीण घरातच सुरू केली. एका वेळी बहुधा दोनच अंडी, पण हंगामात अनेकदा. ज्यांचे ठिपके कमी आणि पिवळा रंग जास्त, अशा पाली निवडून ‘हाय यलो’ वाण तयार झाले. अडचण एवढीच, की यातले कोणते पिल्लू मोठेपणी झळकेल, हे पट्टे विरेपर्यंत नक्की सांगता येत नसे. विकत घेणारा पिल्लू पाहायचा आणि पैसे मात्र उद्याच्या रंगासाठी मोजायचा.

1991 मध्ये ब्रीडर पॅट मर्फी यांच्याकडे ठिपके नसलेले वाण निघाले. त्याचीही पिल्ले डागाळलेलीच जन्मतात; डाग वाढीबरोबर विरतात. 1996 मध्ये आणखी एक ब्रीडर रॉन ट्रेम्पर यांच्याकडे अल्बिनो पाल जन्मली. पुढे रेनवॉटर आणि बेल अशी आणखी दोन अल्बिनो घराणी निघाली. नवल म्हणजे यातल्या दोन वेगळ्या घराण्यांची जोडी लावली, तर पिल्ले अल्बिनो निपजत नाहीत. दिसायला सारखी असली, तरी दोष वेगवेगळ्या जनुकांत आहे, हे पाळणाऱ्यांना अशा जोड्यांतूनच उमगले.

अंडी उबवण्याचे तापमानही रंगात हात घालते. सुमारे 26 अंशांवर बहुतेक माद्या होतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. आणि थंडाव्यात उबवलेल्या पाली, अल्बिनोसुद्धा, अधिक काळपट निघतात. म्हणून रंगाचे श्रेय केवळ रक्ताला देणे चुकीचे आहे.

या इतिहासातले सर्वांत दुखरे प्रकरण ‘लेमन फ्रॉस्ट’चे. लिंबासारखा उजळ पिवळा रंग, पांढरीशुभ्र छटा. त्यावर उड्या पडल्या. अमेरिकेतले ब्रीडर स्टीव्ह साइक्स यांनी हे वाण वाढवले, आणि थोड्याच काळात त्यांच्या पालींच्या अंगावर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील लाँगहुआ गुओ आणि लिओनिड क्रुगल्याक यांनी सहकाऱ्यांसह त्याचा छडा लावला. त्यांचा शोधनिबंध 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. स्पिंट1 या जनुकाच्या भागातील बदलाशी त्यांनी हा रंग जोडून दाखवला. त्वचेत प्रकाश परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगपेशी असतात. या पालींत त्या बेसुमार वाढतात. ती वाढच अंगाला उजाळा देते आणि तीच पुढे अर्बुद होते. अशा 80 टक्क्यांहून अधिक पालींना गाठी झाल्या. हेच जनुक माणसातल्या त्वचेच्या कर्करोगाशीही निगडित असल्याने संशोधकांना त्यात विशेष रस होता.

इथे रंग आणि रोग वेगळे काढताच येत नाहीत. काचेच्या पेटीतले नुकते जन्मलेले पिल्लू मात्र निरोगीच दिसते. गाठी वाढत्या वयात येतात. पट्टे विरण्याची वाट पाहायला शिकलेल्या पाळणाऱ्यांनी या वाणाच्या बाबतीतही वाट पाहायला हवी होती. लेमन फ्रॉस्टची वीण थांबलीच पाहिजे, आणि कोणतेही नवे वाण विकण्याआधी त्याची पहिली पिढी पूर्ण वाढलेली, म्हातारी झालेली दाखवली पाहिजे.