बँटिंगसाहेबांचे पत्र

वजन उतरवायचे असेल तर भाकरी सोडा, भात सोडा, साखरेला शिवू नका, आणि मांस, अंडी, लोणी हवे तेवढे खा, असा उपदेश हल्ली पुष्कळांच्या कानी पडतो. सांगणारा बहुधा असेही सांगतो की हे शास्त्र अगदी नवे आहे. ते नवे नाही. त्याला दीडशे वर्षे होऊन गेली, आणि ते घरोघर पोचवले ते लंडनच्या एका शवपेट्या करणाऱ्या गृहस्थाने.

विल्यम बँटिंग हे त्यांचे नाव. प्रेतयात्रेची व्यवस्था पाहणे हा घराण्याचा धंदा, आणि तोही साधासुधा नव्हे. इंग्लंडच्या राजघराण्यातील अंत्यविधींचे काम या बँटिंग मंडळींकडे असे. माणूस खाऊनपिऊन सुखी, पण शरीर आवरेना. १८६२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे वजन २०२ पौंड होते, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ९२ किलो. उंची जेमतेम साडेपाच फूट. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उतरायचा तर पाठमोरे, एकेक पायरी करत उतरावे लागे. उपाय त्यांनी कमी केले नव्हते. होडी वल्हवून पाहिली, तर भूकच दुप्पट लागली! समुद्रस्नाने झाली, वाफेची स्नाने झाली, औषधी झऱ्यांचे पाणी झाले. गुण येईना.

शेवटी कान जड झाले म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसला क्लोद बेर्नार या थोर शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली होती. यकृतात साखर कशी तयार होते आणि मधुमेहाशी तिचा संबंध काय, हा त्यांचा विषय. त्यावरून हार्वे यांनी ताडले की कानाचे दुखणे हे चरबीचे दुखणे असावे. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड वजन उतरले, कमरेचा घेर बारा इंचांहून अधिक घटला आणि ऐकूही बरे येऊ लागले.

कृतज्ञ झालेल्या बँटिंगांनी १८६३ साली लठ्ठपणावर एक जाहीर पत्र लिहिले, स्वतःच्या खर्चाने छापले आणि फुकट वाटले. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. इंग्रजीत आहार आवरण्याला 'बँटिंग करणे' म्हणू लागले, आणि स्वीडनच्या भाषेत वजन उतरवण्याला आजही 'बांटा' हाच शब्द आहे. डॉक्टर मंडळी मात्र रागावली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने, वैद्यकाच्या बाबतीत बँटिंगांनी नाक खुपसू नये, अशा आशयाची टीका केली.

आता या पत्रातल्या दोन गोष्टी लोकांनी वाचूनही न वाचल्यासारख्या केल्या. एक अशी की बँटिंगांच्या ताटात थोडा भाजलेला पाव होता, भाजी होती, फळही होते. (मद्याचे पेलेही होते. पण ते इंग्लंड होते, आपण तिकडे काणाडोळा करू.) दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक स्थूल माणसाने माझ्यामागे धावत सुटू नये, डॉक्टरांशी पुरता विचारविनिमय करूनच आहार बदलावा, असे त्यांनी बजावले होते. पथ्य गावभर पसरले. डॉक्टर मागे राहिला. या पथ्याचा पुढचा सारा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो.

डॉक्टर सोबत असला म्हणजे काय होते, त्याची दोन उदाहरणे घ्या. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी फेफऱ्याच्या रोग्यांसाठी जवळजवळ पिष्टरहित आणि भरपूर चरबीचा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फेफऱ्यावर तो आजही देतात, आणि पुष्कळांना गुण येतो. पण त्यात मूतखडा होऊ शकतो, बद्धकोष्ठ होते, मुलाची वाढ मंदावू शकते. म्हणून रक्तलघवी वरचेवर तपासतात आणि घास तोलून देतात. दुसरे उदाहरण ध्रुवप्रदेशाचे प्रवासी स्टेफान्सन यांचे. १९२८ साली ते आणि त्यांचा एक सोबती न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात देखरेखीखाली राहिले आणि नंतर वर्षभर केवळ मांसावर जगून दाखवले. मांसाहाराचे कैवारी ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. आरंभी स्टेफान्सनना चरबीविना नुसते मांस दिले, तेव्हा दोनतीन दिवसांतच त्यांना हगवण लागली, ही मात्र सांगत नाहीत.

शरीरात होते ते असे. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा थोडा साठा असतो आणि तो आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून ठेवतो. भाकरी बंद केली की हा साठा काही दिवसांत आटतो आणि पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळे, बरं का! पाण्याबरोबर मीठही जाते. मग घेरी येते, पायांत गोळे येतात. पुढे शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले येतात. निरोगी माणसात इन्सुलिन त्यांना लगाम घालते. ज्याचे इन्सुलिन अपुरे, त्याच्या रक्तात ती साचून जिवावर बेतू शकते.

डॉक्टर मागे राहिला म्हणजे काय होते, तेही घडून गेले आहे. १९७२ साली अमेरिकेत रॉबर्ट ॲटकिन्स या डॉक्टरांचे पुस्तक निघाले आणि भराभर खपले. डॉक्टर पुस्तकात होता, वाचकाच्या घरी नव्हता! दुसऱ्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्या आहारावर कडक टीका केली. मग १९७६ नंतर प्रथिनांचे तयार द्रव पिऊन वजन उतरवण्याची लाट आली. जेवण बंद, फक्त ते द्रव. काही द्रव तर कातडी आणि हाडांच्या चिकापासून केलेले होते. पन्नासाहून अधिक माणसे दगावली; काहींचे हृदय ठोक्याची लय बिघडून एकाएकी थांबले. ॲटकिन्स आहारावरच्या एका चाळीस वर्षांच्या बाईला आम्लविकार होऊन रुग्णालयात न्यावे लागले. ही हकीकत २००६ साली छापली त्याच 'लॅन्सेट'ने.

न्यायाने बोलायचे तर फायद्याचा पुरावाही आहे. २००३ साली अमेरिकेत ६३ लठ्ठ माणसांवर प्रयोग झाला. सहा महिन्यांनी ॲटकिन्स पद्धतीवाल्यांचे वजन अधिक उतरलेले होते. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतला फरक नगण्य उरला. २०१८ साली पंधरा हजारांवर अमेरिकनांचा, सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा पिष्टसाखरेतून येत होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. फार कमी आणि फार जास्त, दोन्ही टोकांना ते वाढले. पिष्टाच्या जागी मांस आणि चरबी घेणाऱ्यांपेक्षा डाळी, दाणे यांसारखे वनस्पतिज अन्न घेणाऱ्यांची स्थिती बरी होती. अशा नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण इशारा मिळतो.

आपल्याकडे खरी काळजी मधुमेह्यांची. ज्वारीच्या दाण्यात सुमारे सत्तर टक्के पिष्ट असते. भाकरी सोडली की साखर उतरते, हे खरे. पण इन्सुलिनचे टोचणे किंवा साखर उतरवणारी गोळी तेवढीच चालू ठेवली, तर ती प्रमाणाबाहेर उतरते: दरदरून घाम, थरथर, मग शुद्ध हरपणे. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे, त्यांना प्रथिनांचा भार सोसत नाही. आणि ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. या गोळ्यांवरच्या रोग्यांत, रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्लविकार होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१५ साली दिला. जेवणातले पिष्ट एकदम तोडले की हा धोका वाढतो. मळमळ, वांती, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. अशा वेळी साखर तपासून ती बरी दिसली म्हणून घरी थांबू नये. गोळीचे पाकीट बरोबर घ्यावे, दवाखाना गाठावा, आणि भाकरी केव्हापासून सोडली तेही डॉक्टरांना सांगावे.