पेल्यात उतरलेलं पिंप

२४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाइन चाखायला बसले. त्यांना बोलावलं होतं स्टीव्हन स्परियरनं. हा इंग्रज माणूस पॅरिसमध्येच वाइनचं दुकान चालवत असे. पांढऱ्या वाइनच्या फेरीत दहा शार्डोने होत्या, चार बर्गंडीच्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. कुठली कुणाची हे झाकलेलं होतं आणि प्रत्येकीला २० पैकी गुण द्यायचे होते. पहिली आली नापा खोऱ्यातल्या शातो मोंटेलेनाची १९७३ची शार्डोने.

ही गोष्ट बहुतेकदा ‘अमेरिकेनं फ्रान्सला हरवलं’ अशी सांगितली जाते. मला मात्र निकालाचे आकडे वेगळं सांगतात. मोंटेलेनाला नऊ जणांचे मिळून १३२ गुण पडले, तर दुसऱ्या आलेल्या फ्रेंच म्यर्सो-शार्मला १२६.५. म्हणजे पहिल्या वाइनची सरासरी पंधराच्याही आत, आणि दोघींतला फरक प्रत्येक परीक्षकामागे अर्ध्या गुणाहून जरासा जास्त. एवढ्या फरकावर कुणाचा झेंडा रोवायचा? ४२ गुण घेऊन शेवटची आलेली वाइनही कॅलिफोर्नियाचीच होती.

जास्त बोलकं आहे ते चाखतानाचं संभाषण. ‘टाइम’चा जॉर्ज टेबर हा तिथे आलेला एकटाच पत्रकार, आणि त्याच्या हातात वाइनची यादी होती. एक परीक्षक घोट घेऊन ‘चला, फ्रान्सला परतलो’ अशा अर्थाचं समाधानानं बोलला, तेव्हा त्याच्या पेल्यात नापाची शार्डोने होती. वास नाही म्हणून दुसऱ्यानं जी कॅलिफोर्नियाची ठरवली, ती निघाली बर्गंडीची नामांकित बातार-मोंराशे.

इतक्या जाणत्या जिभा चकल्या कशा? मला याचं निदान अर्धं उत्तर पिंपात दिसतं. ओकच्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवतात. त्या शेकलेल्या लाकडातून व्हॅनिलाचा, भाजलेल्या पावाचा, धुराचा गंध वाइनमध्ये उतरतो. शार्डोने हे मुळात सौम्य द्राक्ष, त्यामुळे हा गंध त्यावर चटकन उमटतो. बर्गंडीत ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पण १९५०च्या दशकात सोनोमातल्या हॅन्झेल वायनरीच्या जेम्स झेलरबाखनं बर्गंडीच्या प्रेमापोटी फ्रान्सहून पिंपं मागवली आणि पुढे कॅलिफोर्नियात इतरांनीही तोच मार्ग धरला. बर्गंडीची माती मागवता येत नव्हती, पिंपं येत होती. माणसंही येत होती. मोंटेलेनाची ती वाइन बनवणारा माइक गर्गिच जन्मानं क्रोएशियाचा.

परीक्षक जिला आपल्या मातीची चव मानत होते, तिच्यातला काही भाग पिंप घडवणाऱ्या कारागिराचा होता, असं मला वाटतं. त्यानं मातीचं महत्त्व संपत नाही. पण किती मातीचं, किती लाकडाचं आणि किती लेबलाचं, हा हिशेब त्या दुपारी पहिल्यांदाच इतका उघड्यावर मांडला गेला. तो सगळ्यांनाच पचला नाही. परीक्षकांपैकी ऑदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरनं ती दिली नाही.