जुन्या टीव्हीवर ब्लू-रे : प्लेअर निवडताना आणि जोडताना

ब्लू-रे आणि एचडी-डीव्हीडी हे हाय-डेफिनिशन डिस्कचे दोन प्रकार २००६ मध्ये बाजारात आले. त्यांपैकी एचडी-डीव्हीडीमधून माघार घेत असल्याचे तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर केले आणि स्पर्धेत ब्लू-रे एकटी उरली. ही डिस्क सपाट पडद्याच्या नव्या संचांसाठी घडवलेली असली, तरी पिक्चर ट्यूबच्या जुन्या दूरचित्रवाणी संचावरही ती पाहता येते. मात्र ते संचाच्या मागील पिना आणि प्लेअरचे निर्मितीवर्ष या दोन गोष्टींवर अवलंबून असते. दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, तर घरी आणलेला प्लेअर संचाला जोडताच येत नाही.

चित्र किती स्पष्ट दिसेल?

ब्लू-रेच्या एका चित्रचौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० बिंदू असतात. हा फरक बरोबर पाचपट आहे. परंतु पाल पद्धतीचा संच चित्राच्या ५७६ ओळीच दाखवू शकतो. त्यामुळे डिस्कवर तपशील कितीही असला, तरी तो संचाच्या या मर्यादेतच दिसतो.

पडद्याच्या आकाराचाही परिणाम होतो. जुन्या संचाचा पडदा ४:३ प्रमाणाचा, तर ब्लू-रेचे चित्र १६:९ प्रमाणाचे असते. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून ते बसवले, की चित्रासाठी ४३२ ओळी उरतात. सिनेमास्कोपसारख्या रुंद चित्रपटाच्या वाट्याला तर सुमारे ३२७ ओळीच येतात.

पिनांचा दर्जा

पिवळ्या पिनेच्या कंपोझिट जोडणीत रंग आणि प्रकाश एकाच तारेतून जातात; त्यामुळे कडांवर सरकणारे ठिपके दिसतात. एस-व्हिडिओमध्ये हे दोन्ही वेगळे ठेवले जातात. हिरव्या, निळ्या व लाल पिनांची कम्पोनंट जोडणी अॅनालॉग प्रकारांत सर्वांत सरस ठरते. कम्पोनंटची हिरवी पिन चुकून पिवळ्या सॉकेटमध्ये घातली, तर चित्र कृष्णधवल दिसते. केवळ अँटेनाची जोडणी असलेल्या फार जुन्या संचाला आरएफ मॉड्युलेटर लावावा लागतो.

निर्मितीवर्षाचे महत्त्व

सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेअरना अॅनालॉग पिना होत्या. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ सोबत तर कंपोझिट केबलच दिलेली होती. पुढे चित्रपटांची नक्कल रोखण्यासाठी एएसीएस या संरक्षण पद्धतीच्या परवान्यात अॅनालॉग जोडणीवर टप्प्याटप्प्याने बंधने आली. ३१ डिसेंबर २०१० नंतरच्या प्लेअरना संरक्षित चित्रपट अॅनालॉग पिनेतून फक्त साध्या दर्जात देण्याची मुभा राहिली. आधीच बाजारात असलेल्या मॉडेलना वर्षभराची सवलत होती. ३१ डिसेंबर २०१३ नंतर तयार होणाऱ्या प्लेअरमधून असे चित्र अॅनालॉग मार्गाने देण्यासच मनाई झाली.

या बंधनांचा सर्वांत मोठा फटका अमेरिकेत १९९८ पासून विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या एचडी संचांना बसला. त्यांपैकी अनेकांना हाय-डेफिनिशन चित्रासाठी कम्पोनंट हाच मार्ग होता. पिक्चर ट्यूबच्या साध्या संचाचे त्या मानाने दर्जात नुकसान झाले नाही, पण जोडणीची पिनच नाहीशी झाली. म्हणून जुन्या संचासाठी वापरलेला प्लेअर घेताना मागे पिवळी पिन आहे ना, हे आधी पाहावे.

कन्व्हर्टरचा उपाय

प्लेअरला केवळ एचडीएमआय असेल, तर एचडीएमआयचे एव्हीत रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. याच्या नेमके उलट काम करणारी, म्हणजे एव्हीचे एचडीएमआय करणारी, तशीच दिसणारी डबीही दुकानात मिळते. ती येथे निरुपयोगी आहे. त्यामुळे डबीवरील बाणाची दिशा तपासून घ्यावी. कन्व्हर्टरला एचडीसीपी ही संरक्षण पद्धत चालत नसेल, तर मेनू दिसतो आणि चित्रपट सुरू होताच पडदा काळा होतो, असेही घडू शकते.

जोडणीनंतर प्लेअरमधील २४ फ्रेमचा पर्याय बंद करावा. कन्व्हर्टरवर पाल व एनटीएससी असा खटका असल्यास तो संचाप्रमाणे ठेवावा. चुकीच्या पद्धतीत चित्र सरकते किंवा रंग जातो. संच दोन्ही पद्धती स्वीकारत असेल, तर प्लेअर ६० हर्ट्झवर असताना एनटीएससी निवडल्यास हालचाल कमी अडखळते. माणसे उंच आणि बारीक दिसू लागली, तर संचाच्या मेनूत १६:९चा पर्याय शोधावा. आवाज येत नसेल, तर प्लेअरचा ध्वनी बिटस्ट्रीमऐवजी पीसीएमवर आणावा.

परदेशातून आणलेला प्लेअर

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला प्लेअर थेट प्लगमध्ये लावू नये. तेथील वीज १२० व्होल्टची, तर आपल्याकडील २३० व्होल्टची असते. मागील पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले नसेल, तर ट्रान्सफॉर्मर वापरणे अनिवार्य आहे. अन्यथा प्लेअर जळू शकतो. शिवाय ब्लू-रेसाठी अमेरिका ए विभागात, तर भारत सी विभागात येतो. डीव्हीडीसाठी हेच विभाग अनुक्रमे १ आणि ५ आहेत. विभागाचे बंधन नसलेल्या डिस्क मात्र दोन्हीकडे चालतात.

खर्च करण्यापूर्वी

केवळ जुन्या संचाचे चित्र सुधारावे, एवढ्याच हेतूने ब्लू-रे प्लेअर घेणे फारसे फायद्याचे नाही. एस-व्हिडिओने जोडलेला चांगला डीव्हीडी प्लेअर त्या पडद्यावर जवळपास तेवढेच समाधान देतो. जवळ ब्लू-रे डिस्कचा संग्रह असेल किंवा पुढे नवा संच घ्यायचा असेल, तर मात्र हा खर्च सार्थ ठरतो. ब्लू-रे प्लेअर सहसा डीव्हीडीही चालवतो आणि नवा संच आल्यावर त्याच डिस्कमधील उरलेला तपशील पडद्यावर दिसू लागतो.