आजीला किती वाचता येत होतं?

आमच्या मंचरच्या घरी आषाढी एकादशीला पांडवप्रतापाची पोथी लागायची. अध्याय 64. रोज एक वाचला की गणपती विसर्जनाच्या आसपास पोथी संपते. मी पाचवीत गेलो आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी नेमकं लोडशेडिंग असायचं, त्यामुळे टीव्हीचा प्रश्नच नव्हता. कंदील, लाल फडक्यातली पोथी, समोर आजी, काकू आणि शेजारच्या दोघी-तिघी. दिवसभर बराखीतला कांदा निवडून सगळ्या दमलेल्या असायच्या. आजीचा डोळा लागलाय असं बघून मी घाईत एखादा चरण गाळला, की डोळे न उघडता ती म्हणायची, "थांब. मागं जा."

आजीला अक्षरओळख नव्हती. मग चूक कळायची कशी?

याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी, एमएस्सीला असताना मिळालं. डेटा पाठवताना त्यात एक जास्तीची खूण घालतात, म्हणजे वाटेत काही गळालं तर पलीकडच्याला कळतं. ओवीत हीच सोय आहे. पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा बहुधा आखूड, मोकळा सुटतो. मधला एक चरण गाळा, तीनाऐवजी दोनच यमकं कानावर पडतात आणि ओवी लंगडते. अख्खी ओवी गाळली तर यमक काही सांगणार नाही, पण तिथे गोष्ट तुटते, आणि गोष्ट आजीला पाठ होती. श्रीधरांनी पांडवप्रताप 1712 मध्ये पूर्ण केला. त्याआधी हरिविजय (1702) आणि रामविजय (1703). देवनागरी लिपीत मराठी पुस्तकं छापणं तेव्हा सुरूही झालं नव्हतं. हस्तलिखितं हाताने नकलून काढायची, त्यात शब्द सुटे न ठेवता सलग ओळ लिहायची. असा मजकूर डोळ्यांनी भरभर वाचणं अवघडच. मोठ्याने म्हटला की शब्द आपोआप सुटे होतात. थोडक्यात, हे ग्रंथ एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हतेच. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, जाणत्याने अर्थ सांगायचा, हीच त्यांची वापरायची पद्धत होती.

आता संशोधनाचा मुद्दा. 1951 च्या जनगणनेत भारताची साक्षरता 18.33 टक्के होती, स्त्रियांची 8.86. हे आकडे आपण सगळेच प्रस्तावनेत टाकतो आणि पुढे जातो. पण ते नेमकं काय मोजतात? आजच्या व्याख्येनुसार सात वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, ती साक्षर. नुसतं वाचता येत असेल आणि लिहिता येत नसेल, तर ती निरक्षरच. म्हणजे मोजमापाचं एकक एकटा माणूस आहे. तो कोणाच्या शेजारी बसतो, हे त्या रकान्यात येत नाही.

कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये हीच अडचण मांडली. निरक्षर दोन प्रकारचे, असं त्यांचं म्हणणं: घरात कोणीतरी साक्षर असलेले आणि कोणीच नसलेले. पहिल्यांना आपण निकट-निरक्षर म्हणू, दुसऱ्यांना एकाकी-निरक्षर.

कागदावर एक गाव घ्या. पाच घरं, प्रत्येकात पाच माणसं, एकूण 25. पाच जणांना वाचता येतं, म्हणजे साक्षरता 20 टक्के. हे पाचही एकाच घरातले असतील तर उरलेल्या चार घरांत पत्र आलं तरी वाचणारं कोणी नाही. तेच प्रत्येक घरात एक असेल, तर एकही घर कोरडं राहत नाही. दोन्ही गावांचा सरकारी आकडा मात्र 20च! निकट-निरक्षराला उदाहरणापुरतं अर्धं वजन देऊन बघा: दुसऱ्या गावात 5 + 20 × 0.5 = 15, म्हणजे 60 टक्के. पहिल्या गावात 20 ते 20च.

मला हे मॉडेल फार आवडलं. पण आजीला त्यात बसवायला गेलो आणि अडलो. यात बाण एकाच दिशेने जातो, वाचणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे. आमच्या घरात तो उलटाही जायचा. अक्षरं माझ्याकडे होती, चूक पकडणारा कान तिच्याकडे. दोघांपैकी एकालाही एकट्याने ती पोथी धड वाचता आली नसती.

उलट्या बाणाचं याहून मोठं उदाहरण आपल्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'साठी 1956 मध्ये लिहिलेली एक प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत आली नव्हती. त्यात ते लहानपणाबद्दल सांगतात. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. रात्री घरी बहिणी आणि कथा ऐकायला जमलेली माणसं बसत, आणि त्यांना रामायण-महाभारत वाचून दाखवायचं काम भीमरावांकडे असे. हे बरीच वर्षं चाललं. पुढे केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ते वाचल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं, की ज्या ग्रंथांत शूद्रांची आणि अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्हाला का वाचायला लावता? वडील आधी रागावले. नंतर त्यांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणं देऊन समजावलं: आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड राहू नये म्हणून. मुलाचं समाधान झालं नाही.

इथे पुस्तक वडिलांनी निवडलं होतं, पण प्रश्न मुलाचा होता. मला वाटतं, रात्रीमागून रात्र तो मजकूर स्वतःच्या आवाजात, आपल्याच माणसांसमोर म्हणावा लागल्याने तो प्रश्न इतका धारदार झाला असावा. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. तुम्हीही तुमच्या टिपणात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवत चला.

आजीचं फार कौतुक करण्याआधी तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोथीतली चूक पकडणारी ही बाई जमिनीच्या कागदावर अंगठा उठवायची, आणि त्यात काय लिहिलंय ते दुसऱ्याने सांगितलेलं खरं मानायची. त्या कागदाला यमक नव्हतं. ऐकणं हे साक्षरतेला पर्याय नाही. फक्त, त्याचं मोल शून्य नाही, एवढंच.

बारावीनंतर मी पुण्याला आलो. पुढच्या एकादशीला फोनवर आजीला विचारलं, पोथी लावली का? म्हणाली, "वाचणार कोण?" जनगणनेच्या भाषेत माझ्या जाण्याने तिच्यात काहीच फरक पडला नव्हता. ती आधीही निरक्षर होती, नंतरही निरक्षर.

त्या वर्षी मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि हॉस्टेलच्या जिन्यात बसून पहिला अध्याय वाचला. मध्येच एक चरण मुद्दाम गाळला.

पलीकडून आवाज आला, "मागं जा."