नकाटे, व्हेनेसा

नकाटे, व्हेनेसा : (१५ नोव्हेंबर १९९६– ). युगांडातील हवामान न्याय चळवळीच्या कार्यकर्त्या. जन्म कंपाला येथे. पाच भावंडांत थोरल्या. मकेरेरे विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. विशेष विषय मार्केटिंग. वडील बुगोलोबी येथील रोटरी क्लबचे अध्यक्ष होते आणि क्लबतर्फे झाडे लावण्याची कामे होत. घरात पर्यावरणाची ओळख होती ती एवढीच.

पदवीच्या अखेरच्या काळात, २०१८ मध्ये, कंपालातील वाढता उकाडा त्यांना खटकू लागला आणि त्याची कारणे शोधता शोधता त्या हवामानबदलाच्या विषयाकडे आल्या. युगांडातील बहुसंख्य लोक पावसावरच्या शेतीवर जगतात. दक्षिण भागात वर्षाला पावसाचे दोन हंगाम असतात. त्यांपैकी एक जरी पुढेमागे झाला, तरी घरचे धान्य कमी पडते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माउंट एल्गनच्या उतारावरील बुडुडा भागात दरडी कोसळून व पुराने अनेक माणसे दगावली. शाळेत हवामानबदल शिकवला गेला तो दूरच्या, पुढे कधीतरी येणाऱ्या संकटासारखा. प्रत्यक्षात तो दारात उभा होता, असे नकाटे यांचे म्हणणे आहे. त्यांच्या पुढील सर्व मांडणीचे मूळ येथेच सापडते. युरोपातील मुले भविष्याबद्दल बोलत होती. नकाटे वर्तमानाबद्दल बोलत राहिल्या.

स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्ग हिच्या शाळाबंद आंदोलनापासून प्रेरणा घेऊन जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी भावंडे व चुलत-मावस भावंडांसह कंपालाच्या रस्त्यांवर फलक धरून निदर्शने केली. नंतर त्या संसदेसमोर बहुतेक वेळा एकट्याच उभ्या राहत. स्टॉकहोममध्ये फलक घेऊन बसणे आणि कंपालात बसणे ही एकच गोष्ट नव्हे. युगांडात सार्वजनिक जमावावर पोलिसांची करडी नजर असते, अटकेची धास्ती खरी असते. शाळा बुडवली तर भरलेली फी वाया जाते आणि मुलाला शाळेतून काढूनही टाकतात. त्यामुळे तेथे हे आंदोलन मोठ्या मोर्चांचे कधीच झाले नाही. मोजकी माणसे, शाळांच्या आवारातील छोटे कार्यक्रम आणि समाजमाध्यमांवरची छायाचित्रे असेच त्याचे रूप राहिले. तरुण मुलगी रस्त्यावर उभी राहते म्हणून टोमणेही ऐकावे लागले. नवरा शोधायला उभी आहे, इथपर्यंत. स्वभावाने भिडस्त असलेल्या नकाटे यांना फलक हातात धरायलाच बरेच दिवस धीर झाला नव्हता.

आफ्रिकेतील तरुण कार्यकर्त्यांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी ‘यूथ फॉर फ्यूचर आफ्रिका’ हा गट काढला. तोच पुढे ‘राइझ अप मूव्हमेंट’ झाला. काँगो खोऱ्यातील वर्षावनाच्या रक्षणासाठी त्यांनी दीर्घ मोहीम चालवली. ॲमेझॉननंतरचे हे जगातील सर्वांत मोठे वर्षावन. त्याच्या मध्यभागी असलेल्या पीट-दलदलीत सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठलेला आहे, असा अंदाज २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. ॲमेझॉनच्या वणव्यांची बातमी जगभर होते, काँगोतील वृक्षतोडीची होत नाही, ही नकाटे यांची तक्रार होती.

दावोस प्रकरण : जानेवारी २०२० मध्ये जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीच्या वेळी त्या दावोसला गेल्या आणि हवामानशास्त्रज्ञांच्या शिबिरात, गोठवणाऱ्या थंडीत तंबूत राहिल्या. तेथे पाच तरुणींनी पत्रकार परिषद घेतली : नकाटे, थुनबर्ग, जर्मनीच्या लुईझा नॉयबाउअर, इझाबेल आक्सेलसोन आणि लुकिना टिले. असोसिएटेड प्रेसने प्रसारित केलेल्या छायाचित्रात मात्र चारच होत्या. एका कडेला उभ्या असलेल्या, पाचांतील एकमेव आफ्रिकी नकाटे यांना कापून टाकले होते. मागची इमारत चौकट बिघडवीत होती, असा खुलासा वृत्तसंस्थेने प्रथम केला. नंतर मूळ छायाचित्र प्रसिद्ध केले आणि कार्यकारी संपादक सॅली बझबी यांनी माफी मागितली. दुसऱ्या एका वृत्तसंस्थेने त्यांना झांबियाची कार्यकर्ती समजून भलतेच नाव दिले, ते याच सुमारास. तुम्ही केवळ छायाचित्र पुसले नाही, एक खंड पुसला, असे नकाटे यांनी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. या प्रसंगाचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात पहिल्याच परिच्छेदात येतो. ते समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे एका कार्यकर्तीचे काम तिच्या अपमानामागे झाकले गेले. त्यांच्या ‘अ बिगर पिक्चर’ (२०२१) या पुस्तकाच्या नावातच या घटनेचा संदर्भ आहे. आतला बराच मजकूर मात्र युगांडा, स्त्रिया आणि शेती यांबद्दल आहे.

शाळांमधील काम : २०१९ मध्ये त्यांनी ‘व्हॅश ग्रीन स्कूल्स प्रोजेक्ट’ सुरू केला. युगांडाच्या ग्रामीण शाळांवर सौर पॅनेल बसवणे आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कमी लाकूड खाणाऱ्या चुली बांधून देणे, हे त्याचे स्वरूप. गावातल्या शाळेत शेकडो मुलांचे जेवण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर शिजते. त्याला ट्रकच्या ट्रक लाकूड लागते, ते जवळच्या रानातून येते आणि धूर स्वयंपाकिणीच्या छातीत जातो. बंदिस्त चुलीने लाकूड, पैसा व धूर तिन्ही कमी होतात. सौर दिव्यांमुळे वीज नसलेल्या शाळेत संध्याकाळी अभ्यास होऊ शकतो. सत्तेला जाब विचारणारी माणसे चुलीपर्यंत सहसा पोचत नाहीत. नकाटे पोचल्या, आणि त्यांच्या कामाचा सर्वांत भक्कम भाग हाच आहे. मुलींच्या शिक्षणाचा मुद्दाही याला जोडून येतो. दुष्काळ किंवा पूर आला की घरात पहिली शाळा सुटते ती मुलीची. पाणी-लाकूड तिच्या वाट्याला येते आणि अनेकदा लवकर लग्नही होते. कोविडकाळात युगांडातील शाळा मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे अंशतः किंवा पूर्णतः बंद राहिल्या, तेव्हा याचा कडू अनुभव देशाने घेतला.

हानीभरपाईची मागणी : जगाच्या कार्बन उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा ४ टक्क्यांच्या आत आहे. तेव्हा झळ सोसणाऱ्याने खर्चही सोसावा हे अन्यायाचे आहे, हा नकाटे यांचा मुख्य युक्तिवाद. श्रीमंत देशांनी गरीब देशांना हवामानासाठी २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिले होते; ते वेळेवर पाळले गेले नाही, आणि जे दिले त्यात कर्जाचा भाग मोठा होता. नकाटे यांचा रोख त्याच्याही पलीकडे होता. गेलेले पीक, बुडालेले घर, मेलेली गुरे यांच्याशी जुळवून घेता येत नाही. म्हणून त्यासाठी स्वतंत्र पैसा हवा, आणि तो कर्ज नव्हे तर अनुदान म्हणून हवा. मिलानची युवा परिषद (सप्टेंबर २०२१) आणि ग्लासगोची हवामान परिषद (नोव्हेंबर २०२१) येथे त्यांनी हेच मांडले. ग्लासगोला त्यांनी उद्योगपतींना व पुढाऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुमच्या आश्वासनांवर आमचा विश्वास नाही, आम्हाला खोटे ठरवून दाखवा. अशी भरपाई देणाऱ्या हानी-नुकसान निधीचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत झाला. त्याचे श्रेय एकट्या कार्यकर्तीला देणे चूक ठरेल. छोटी बेटराष्ट्रे ही मागणी तीन दशके करत होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये युनिसेफने त्यांची सदिच्छा दूत म्हणून नेमणूक केली. त्याच वर्षी त्या केनियातील दुष्काळग्रस्त तुर्काना भागात कुपोषित मुलांना भेटल्या.

तेलवाहिनीचा वाद : युगांडातील अल्बर्ट सरोवराजवळ २००६ मध्ये व्यापारी प्रमाणात खनिज तेल सापडले. ते टांझानियाच्या टांगा बंदरापर्यंत नेण्यासाठी १,४४३ किलोमीटर लांबीची तेलवाहिनी आखली गेली. तेल मेणचट असल्याने वाटेत गोठू नये म्हणून ती सर्व लांबीत तापवावी लागते. प्रकल्पात फ्रान्सच्या टोटलएनर्जीज कंपनीचा वाटा ६२ टक्के आहे. युगांडा व टांझानियाच्या सरकारी कंपन्यांचा प्रत्येकी १५ टक्के आणि चीनच्या सीनूकचा ८ टक्के. विस्थापन, मर्चिसन धबधबा राष्ट्रीय उद्यानातील तेलविहिरी व उत्सर्जन या कारणांनी नकाटे व इतर कार्यकर्ते तेलवाहिनीला विरोध करतात. युगांडा सरकारचे उत्तर साधे आहे : युरोप तेल जाळून श्रीमंत झाला, आता आमच्या गरिबीला तो उपदेश करतो. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने प्रकल्पाविरुद्ध ठराव केला, तेव्हा कंपालात याच भाषेत संताप उमटला. या आक्षेपात तथ्य आहे, आणि नकाटे यांनाही तो टाळता येत नाही. तेलाचा नफा मुख्यतः परदेशी कंपन्यांकडे जाईल आणि सामान्य युगांडावासीयाच्या वाट्याला नुकसान येईल, असे त्यांचे प्रत्युत्तर आहे. आंदोलनाच्या दबावाने अनेक मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकांनी या प्रकल्पाला कर्ज न देण्याचे जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये मात्र कर्जाचा पहिला टप्पा उभा राहिला. तो देणाऱ्यांत आफ्रिक्झिमबँक व स्टँडर्ड बँक या आफ्रिकेतल्याच बँका होत्या.